मुंजाजीरावांचं मीठ

मुंजाजीराव भाजीत मीठ टाकायचे आणि लगेच खिशातून कंडक्टरचा पंच काढून एका कागदी तिकिटाला भोक पाडायचे. हळद टाकली, टक्. तिखट टाकलं, टक्. मिठाचं भोक पाडून झालं की ते तिकीट उजेडाकडे धरून एकदा आरपार बघायचे. चहालाही हेच. पाहुण्याने साखर थोडी वाढवा म्हटलं तर ते वाढवत, पण दुसरं भोक पाडून ते तिकीट पाहुण्याच्या बशीत ठेवत. म्हणजे वाढीव साखरेची जबाबदारी कुणाची, यावर पुढे वाद नको.

मानवतमध्ये ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात नवा माणूस बसला की त्याला ती सांगितली जाते. "येलदरीच्या स्पर्धेत गड्यानं मटणाला दोनदा मीठ टाकलं. तवापासून पंच घेऊन हिंडायलाय." त्यावरून त्यांचं नावही पडलं. डबल मीठ. टपालवाल्याला सुद्धा पत्ता तसाच सांगितला तर चटकन कळतो.

ही गोष्ट खोटी आहे. मुंजाजीरावांनी त्या दिवशी मीठ एकदाच टाकलं. दुसऱ्यांदा मी टाकलं.

आठ वर्षं मी हे कुणाला बोललो नाही. आता शहात्तर वर्षांचा आहे, चष्म्याचा नंबर वाढतोय आणि झोप कमी होतेय. लिहून टाकलेलं बरं.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मुंजाजीराव एसटीत कंडक्टर. आमच्या घरांना भिंत एकच, त्यामुळे पस्तीस वर्षं आम्ही एकमेकांचा खोकला ओळखतो. मी त्यांना मुंजाजीराव म्हणतो, ते मला सर म्हणतात. ते माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी लहान आहेत आणि त्या दोन महिन्यांचा मान त्यांनी कधी चुकवला नाही.

नोकरीत त्यांची एकच मिजास होती, स्मरणशक्तीची. बाकीचे कंडक्टर सुटे नसले की तिकिटाच्या मागे आकडा लिहून देत. मुंजाजीराव लिहीत नसत. कोण कुठे चढलं, कुणाची कोंबडी कुठल्या सीटखाली आहे, झोपलेल्या म्हातारीला कुठे उतरवायचं, हे सगळं डोक्यात. "मला दोनदा विचारायची सवय न्हाई," असं ते म्हणत. एकदा तेरा वर्षांनी भेटलेल्या एका माणसाला त्यांनी माझ्यादेखत सांगितलं, "तुमी पाथरीला छत्री विसरला हुतात." तो माणूस बिचारा छत्रीसुद्धा विसरून गेला होता.

घरीही ते एसटीतच राहत. जेवताना भाकरी हवी असेल तर म्हणत, "पुढं सरका." वाद थांबवायचा असेल तर "सिंगल बेल." निघायचं असेल तर "डबल बेल." बायको गयाबाई म्हणायच्या, "माझं लगीन माणसासंगं न्हाई, गाडीसंगं झालं." पण म्हणता म्हणता भाकरी पुढे सरकवायच्या.

हैदराबादच्या गाडीवर असताना त्यांना तिथे मुक्काम पडायचा. स्टँडबाहेर एक म्हातारा खानसामा गरम दगडावर मांस भाजायचा. खाली निखारे, वर काळा ग्रॅनाइटचा दगड, दगडावर पातळ कापलेल्या फोडी. मुंजाजीराव तिथे बसून शिकले. घाई करून फोड उलटायला गेले की म्हातारा हात धरायचा. "पत्थर को बोलने दो, कंडक्टर साब. तुम चुप बैठो." हे वाक्य मुंजाजीरावांनी मला किमान हजार वेळा सांगितलं आहे. दर वेळी म्हाताऱ्याच्या आवाजात.

निवृत्त झाल्यावर लोक तीर्थाला जातात. मुंजाजीराव देगलूरला गेले आणि एका पाथरवटाकडून चार बोटं जाडीचा दगड घडवून आणला. गोधडीत गुंडाळून, एसटीने. चढताना कंडक्टरला म्हणाले, "लगेज फाड." तो पोरगा म्हणाला, "काका, असू द्या की. घरचाच दगड हाय." मुंजाजीराव खाली उतरले. दगडाचं तिकीट फाडल्याशिवाय परत चढले नाहीत. पुढे दहा वर्षं हा कार्यक्रम दर प्रवासाला झाला. आता आम्हा दोघांना पंचाहत्तरीमुळे एसटीत फुकट बसायला मिळतं. तेव्हा मिळत असतं तर आम्ही दोघं फुकट आणि दगड तिकीट काढून, असा प्रवास झाला असता.

पहिल्या स्पर्धेत ते सहज उतरले. कुठल्याशा कृषी प्रदर्शनात पाककृतीची स्पर्धा होती. तिसरा नंबर आला, मिक्सर मिळाला. तो मिक्सर मिळाला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं, असं मला वाटतं. नंतर कळलं की नांदेडला, लातूरला, संभाजीनगरला हॉटेलवाले आणि महोत्सववाले निखाऱ्यावर भाजण्याच्या वेगळ्या स्पर्धा ठेवतात. त्याला बार्बेक्यू म्हणतात. मुंजाजीराव बारबेकू म्हणायचे आणि अर्ज भरायचे.

या नादाला काय लागतं ते बाहेरच्याला कळत नाही. बाभळीचा कोळसा लागतो, तोही पावसात न भिजलेला. बोकड उभा असताना बघून यावा लागतो. मुंजाजीराव त्याच्याभोवती फिरत, त्याच्या मांडीकडे बघत, आणि खाटीक कंटाळून म्हणे, "सोयरीक करायची का मामा?" प्रवेश फी वेगळी, मसाला वेगळा, गावाला जाणं-येणं वेगळं. शिवाय प्रत्येक स्पर्धेआधी चार वेळा तालीम. तालमीचं मटण गल्ली खायची आणि वर सांगायची, मागच्या खेपेचं बरं होतं. किती खर्च होतो असं कुणी विचारलं तर मुंजाजीराव एवढंच म्हणत, "फुल तिकीट."

ते फुल तिकीट कुणी काढलं ते मी भिंतीपलीकडून बघत होतो. त्यांच्या घरावरचे पत्रे बदलून स्लॅब टाकायचं ठरलं होतं. पत्रे राहिले. गयाबाईंचे गुडघे दाखवायला परभणीला जायचं होतं. ते दोन हिवाळे पुढे गेलं, कारण स्पर्धा हिवाळ्यात असतात. मुलगी संजीवनी जालन्याला दिली होती. तिच्या घरच्या वास्तुशांतीला मुंजाजीराव थेट स्पर्धेतून पोचले. सदऱ्याला धुराचा वास आणि काखेत गोधडीतला दगड. व्याह्यांना वाटलं, लेकीला पाटा आणलाय. त्यांनी हळदकुंकू लावून दगडाची पूजा केली. मुंजाजीरावांनी ती होऊ दिली. नंतर आठ दिवस दगड घासत बसले.

बदल्यात घरी काय आलं? चार मिक्सर, सगळे एकाच जातीचे. दोन भिंतीवरची घड्याळं. एक छत्री. पहिला नंबर कधीच नाही.

आणि फुल तिकिटाचा एक तुकडा माझ्या वाट्यालाही होता. स्पर्धेला दोन माणसांची जोडी लागते. मुंजाजीरावांची जोडी मी. ते कंडक्टर, मी ड्रायव्हर, असं त्यांनीच ठरवलं. ते "डबल बेल" म्हणाले की मी पुठ्ठ्याने निखारे फुलवायचे, "सिंगल बेल" म्हणाले की थांबायचं. दहा हिवाळे मी हे केलं. माझ्या डाव्या भुवईला आजही मधे खिंड आहे. खोकला तेव्हा लागला तो गेला नाही. रविवारी सकाळी सातला भिंतीवर दोन टकटक झाल्या की माझी बायको न बघता माझा धुराचा सदरा खुंटीवरून काढून समोर टाकायची. त्या टाकण्यात सगळं बोलणं असायचं.

मला नको म्हणता आलं असतं. पस्तीस वर्षं मी वर्गात पोरांना नको म्हणत आलो. पण मुंजाजीराव दगड खांद्यावर घेऊन दारात उभे राहिले की मला ते जमत नसे. मी थकलो होतो, आणि ते सांगायचं सोडून मी सदरा घालत होतो.

त्या वर्षी येलदरीला धरणाजवळच्या मैदानावर महोत्सव होता. जो पहिला येईल त्याला हैदराबादच्या मोठ्या स्पर्धेला पाठवणार होते. पाच दिवस, जोडीदारासकट. मुंजाजीरावांनी कधी नव्हे ते स्वप्न रंगवलं. त्या स्टँडबाहेर जायचं, म्हातारा नसेलच, पण त्याचं कुणीतरी असेल, त्यांना दगड दाखवायचा. "म्हणायचं, बघा, चुप बसायला शिकलो." हे मला सांगताना त्यांनी माझं तिकीटही मनातल्या मनात फाडून ठेवलं होतं. मी नुसता मान हलवत राहिलो.

त्या खेपेला गयाबाई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या. त्यांना धरण बघायचं होतं. इतक्या जवळ राहून पाहिलं नव्हतं. गाडीत त्या खिडकीपाशी बसल्या, पायाशी दगड. जिंतूर मागे पडल्यावर त्या म्हणाल्या, "आवं, आज हरलात तर बरं हुईल बघा. घरी तरी बसताल."

मुंजाजीराव हसले. "पुढं सरका," म्हणाले.

पहिल्या फेरीत आमचा दगड सगळ्यांत वर होता. परीक्षकांपैकी पांढरी उंच टोपी घातलेला एक आचारी होता, तो दगडाला हात लावून गेला, देवळात लावतात तसा. मला तेव्हाच कळलं की आज हे जिंकणार. पाच दिवस हैदराबाद. मग आणखी कुठे. मग आणखी.

मुंजाजीरावांचा एक नियम होता. मीठ आधी लावलं की मांस पाणी सोडतं, म्हणून ते शेवटच्या अर्ध्या तासात टाकायचे. त्यांनी टाकलं, कालवलं, झाकलं आणि दुसऱ्या फेरीचा फॉर्म भरायला मांडवात गेले. गयाबाई भांड्यापाशी बसून पदराने माश्या वारत होत्या.

मी म्हणालो, "वहिनी, जा, पाणी बघून या. मी बसतो."

"बसता का भाऊजी? आले बघा मी," असं म्हणून त्या उठल्या. गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. मग बांधाकडे हळूहळू चालत गेल्या.

मी मिठाचा डबा उघडला, भांड्यात मूठभर मीठ टाकलं, कालवलं, झाकलं. शाळा सुटल्यावर वाटतं तसं हलकं वाटलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

टोपीवाल्याने पहिली फोड तोंडात टाकली आणि पाणी मागितलं. दुसऱ्याने फोड रुमालात घेतली. तिसरा माईकवर होता, तो म्हणाला, "तुमच्याकडं मीठ रेशनवर मिळतंय का काय काका?" मैदान हसलं. मुंजाजीरावांनी एक फोड उचलली, सावकाश चावली, गिळली. भांड्याकडे पाहिलं. मग त्यांनी मान वळवली. बांधावरून गयाबाई परत येत होत्या, पदराचं टोक भिजलेलं, चेहरा मोठं पाणी पाहून आलेल्या माणसाचा असतो तसा. मुंजाजीराव त्यांच्याकडे बघत राहिले. आणि मग परीक्षकांना म्हणाले, "माझ्याकडनं दोनदा पडलं. विसरलो."

त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

येताना गाडीत त्यांनी दगडाचं तिकीट काढलं आणि मानवत येईपर्यंत ते घडी घालत, उलगडत बसले.

मला जे हवं होतं ते मिळालं. स्पर्धा बंद झाल्या. रविवार मोकळे झाले. पहिल्या रविवारी सातला मी जागा झालो आणि भिंतीकडे बघत पडून राहिलो. टकटक आली नाही. दुसऱ्या रविवारी आली, पण ती वेगळी होती, एकच, बारीक. टक्. मग थोड्या वेळाने पुन्हा टक्. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी त्यांच्या हातात राहू दिलेला जुना पंच त्यांनी बाहेर काढला होता.

"हे काय नवीन?" मी विचारलं.

"लक्षात ऱ्हात न्हाई सर आता. भोक पाडलं की कळतं, टाकलं म्हणून."

मी घरी येऊन अंथरुणावर बसलो. त्यांची जी एकच मिजास होती ती मी काढून घेतली होती, तीही मूठभर मिठात.

गयाबाई मात्र घाबरल्या. त्यांनी घरातल्या जुन्या लग्नपत्रिका काढल्या, तिकिटाच्या मापाच्या कापल्या आणि सुतळीत ओवून चुलीजवळ टांगल्या. तिकिटं कमी पडू नयेत म्हणून गल्लीतल्या लग्नांच्या पत्रिका त्या हक्काने मागून घेत. रोज संध्याकाळी वापरलेली तिकिटं तपासून लाडवाच्या डब्यात ठेवत. एकदा तो डबा घेऊन त्या नवऱ्याला परभणीला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. स्वतःच्या गुडघ्यांसाठी जे झालं नाही ते यासाठी झालं. डॉक्टरांच्या टेबलावर डबा पालथा करून म्हणाल्या, "बघा, किती विसरायलेत." डॉक्टरांनी सगळी भोकं बघितली म्हणे. वय झालं की होतं, म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मुंजाजीरावांना बाजारात एकटं सोडलं नाही. पूर्वी हे दोघं बाहेर पडले की मुंजाजीराव दहा पावलं पुढे आणि गयाबाई मागे, अशी गाडी चालायची. आता त्या त्यांचं मनगट धरून चालत. आठवडी बाजारातून परत येताना मी ओट्यावरून त्यांना बघायचो. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात नवरा. रस्त्यावरून कुणीतरी म्हणे, "काय डबल मीठ, पोलिसांनी धरलं का?" मुंजाजीराव म्हणत, "पुढं सरका." मनगट सोडवून घेत नसत.

मी सांगायला तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी चहा दिला आणि तिकीट दिलं. दुसऱ्यांदा गयाबाई समोर बसून पत्रिका कापत होत्या. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली, "मुंजाजीराव, येलदरीला त्या दिवशी," आणि ते उठलेच. "सिंगल बेल, सर," म्हणाले. "गेल्या गाडीचं काय बोलायचं." मला सुटल्यासारखं वाटलं. हे मला फार सहज वाटतं, सुटल्यासारखं.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमाराला गयाबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बाकी काही नाही. शेवटी संजीवनीला सांगून गेल्या, "बाबाला एकटं ठिवू नको माय. ते विसरायलेत."

वर्षाचं झालं आणि संजीवनी बाबांना न्यायला आली. मला ओट्यावर गाठून म्हणाली, "काका, ते न्हाई म्हणायलेत. तुमीच सांगा, त्यांना एकटं ठेवण्यासारखं हाय का? गॅस चालू ठेवला, दार उघडं टाकलं तर? माय सांगून गेली हो."

एक न झालेली चूक, आणि तिच्यावर आता माणसाचं घर उठत होतं. दुसऱ्या दिवशी संजीवनी गॅसची टाकी जमा करायला गेली तेव्हा मी भिंत ओलांडून, म्हणजे दारातून, त्यांच्याकडे गेलो.

ते अंगणात बसून दगडाला तेल लावत होते.

"मुंजाजीराव, येलदरीला दुसरं मीठ मी टाकलं."

फडकं थांबलं.

"कवा?"

"तुम्ही फॉर्म भरायला गेलात तेव्हा."

"तवा गया हुती भांड्यापाशी."

"मी त्यांना पाणी बघायला पाठवलं. मला हैदराबादला यायचं नव्हतं. मी कंटाळलो होतो. तोंडाने सांगवलं नाही."

त्यांनी फडक्याने दगडाची कड एकदा पुसली. मला वाटलं, आता उठतील, काहीतरी मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हंजे तिनं न्हाई टाकलं," ते म्हणाले.

"कुणी? वहिनींनी? नाही हो. त्यांना काही माहीतच नव्हतं."

"मला ठाऊक हुतं की मी एकदाच टाकलं. मला काय दोनदा करायची सवय हाय का?" ते हळू बोलत होते, पुढच्या स्टॉपचं नाव सांगावं तसं. "गाडीत ती म्हणली, हरलात तर बरं. आन् भांड्यापाशी बी तीच. मला वाटलं, टाकलं असंल बिचारीनं. दहा वर्सं घरी एकटी बसली. टाकलं तर टाकलं. पण त्या भोंग्यासमोर तिचं नाव कसं घ्यायचं? म्हणून म्हणलो, विसरलो."

"आणि हा पंच?"

"नुसतं म्हणून कसं चालंल? तिला पटाया नको का? उगं मनात खात बसली असती, ह्येंला कळलं का, कळलं का. म्हणलं, रोज तिच्यासमोर एक भोक पाडावं. तिचा जीव निवांत ऱ्हाईल."

आठ वर्षं हा माणूस बायकोला न झालेल्या गुन्ह्यातून सोडवत होता. आणि मी ओट्यावर बसून त्याच्या म्हातारपणाची कीव करत होतो.

मुंजाजीरावांनी स्वतःच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं.

"बाजारात धरायची ना. मला वाटायचं, हिच्या मनाला लागलंय, म्हणून धरायलीय. मी बी धरू द्यायचो. बरं वाटायचं." ते थांबले. "म्हंजे ती खरंच भ्याली हुती."

मी तेलाची वाटी त्यांच्या पायाजवळून बाजूला सरकवली.

"त्या डाक्तरापुढं डबा उपडा केला तवा रडली हुती सर ती. मला वाटलं, पस्तावली. तवा तरी म्हणायला पायजे हुतं, गया, मला सगळं आठवतं. तुझ्या लग्नातल्या चोळीला कोणत्या रंगाचा काठ हुता तेबी आठवतं." त्यांनी फडकं झटकलं, घडी केली. "तुमी उशीर केलात, सर. लय न्हाई. एकच वर्स."

मी म्हणालो, संजीवनीला मी सगळं सांगतो, आत्ता आली की सांगतो, तुम्हाला कुठे जायची गरज नाही.

"नको."

"का?"

"तिची माय सांगून गेली, बाबाला एकटं ठिवू नको म्हणून. भ्याली हुती म्हणून सांगून गेली ना? मग तेवढं तरी ऐकावं तिचं." ते उठायला लागले, गुडघ्यावर हात ठेवून, दोन टप्प्यांत. "गावाला सांगायचं तर सांगा. गाडी सुटल्यावर."

दगड ते माझ्याकडे ठेवून गेले. महिन्यातून एकदा तापवायचा, फार दिवस थंड राहिला तर चिरतो, असं त्यांचं म्हणणं. विज्ञानात याला काही आधार नाही. मी तापवतो.

जालन्याच्या गाडीत त्यांना खिडकी मिळाली. कंडक्टर पोरीने शून्य रुपयांचं तिकीट दिलं. तिने विचारलं, "सामान काही, बाबा?" मुंजाजीरावांनी पायाशी बघितलं, दगडाच्या जागी, आणि म्हणाले, "न्हाई." त्यांच्या तोंडून लगेजला न्हाई मी प्रथमच ऐकलं.

मी खिडकीखाली उभा होतो. गाडी सुरू झाली तशी त्यांनी सदऱ्याच्या खिशातून सुतळीत ओवलेली उरलेली चार-पाच तिकिटं काढली, गयाबाईंनी कापलेली. एक ओढून घेतलं, पंच लावला. टक्. आणि खिडकीतून माझ्या हातात दिलं.

"हे कशाचं?" मी विचारलं.

"येलदरीचं," ते म्हणाले, आणि खिडकीच्या पत्र्यावर बोटाने दोनदा वाजवलं.

गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर मी तिकीट पाहिलं. मागे कुणाच्या तरी लग्नाचं अर्धं नाव होतं. त्यांच्यासारखंच ते उजेडाकडे धरलं.

भोक एकच होतं.